हनोईला जायचं की नाही

२ जुलै
कोचिंग क्लासने इंग्रजीच्या सगळ्या शिक्षकांना काढलं, मलाही. आता अ‍ॅप शिकवणार. बाबा म्हणाले, "बरं झालं, घसा तरी वाचेल."

११ जुलै
परदेशी शाळांना अर्ज. बँकॉकचा नकार: मातृभाषा इंग्रजीच हवी. इतकी वर्षं काय मी झोपेत शिकवत होते? दिवसभर चिडचिड. भाजी करपली.

१९ जुलै
हनोईच्या एका शाळेला शिकवतानाचा व्हिडिओ हवाय. विद्यार्थी कुठून आणू? बाबाच बसले, इंग्रजी येत नसल्याचं सोंग घेऊन. (जन्म बँकेत इंग्रजी पत्रं लिहिण्यात गेला!) विचारलं, संध्याकाळी काय करता? अडखळत म्हणाले, "आय वेट. माय डॉटर कम्स. देन वुई टॉक." पाठवताना तेवढं कापलं.

४ ऑगस्ट
हनोईने घेतलं. दोन वर्षांचा करार. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं. मी कुणाला तरी हवीय, याचा इतका आनंद झाला की रडू आलं. पण आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बाबांना म्हटलं, पुण्याला काकांकडे राहा.
"पाहुणा म्हणून किती दिवस राहू? इथे निदान बाजार ओळखीचा आहे."
बाजार ओळखीचा, पण इथली बांगला भाषा कुठे येते? बाबा बदली होऊन इथे आले त्याला तीस वर्षं झाली. बँकेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, घरात मराठी. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी आईच बोलायची.

९ ऑगस्ट
समोरच्या शंपा बौदी, म्हणजे शंपावहिनी, लिफ्टमध्ये भेटल्या. बाबा रोज दुपारी त्यांच्याकडे जातात. मला वाटायचं, टीव्ही बघायला. तसं म्हटलं तर म्हणाल्या, "नहीं, बांगला सीखने आते हैं. बहुत मेहनत करते हैं."

१३ ऑगस्ट
सकाळी बाबा चहा गाळताना बांगलात म्हणाले, "चा खाबे?" चहा घेणार का?
"बाबा, माझ्याशी कशाला?"
"तू गेल्यावर मराठी कुणाशी बोलणार? आतापासून सवय हवी." चेहरा अगदी साधा, कुरकुर नाही. ती असती तर भांडता आलं असतं.
उद्या शुक्रवार. मेल उघडून बसलेय, पहिल्या ओळीपुढे काही नाही. आतल्या खोलीत बाबा एकटेच बांगला बोलतायत. चुकलं की थांबतात, आणि पुन्हा पहिल्यापासून.