गाडीचा तिसरा ब्रेक

प्रिय ठकू,

तुझ्या बाबांनी सजवलेली गाडी आता लिफ्टमध्ये मावत नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाच. ज्या माणसानं अख्खी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली, त्यानं स्वतःच्या हातानं अशी गाडी तयार केली आहे, की ती स्वतःच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरत नाही. मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही दोघं ती जिन्यानं खाली नेत होतो. मी खालच्या पायरीवर, ते वरच्या. म्हणजे वजन सगळं माझ्या अंगावर आणि सूचना सगळ्या त्यांच्या तोंडात. डावीकडे घे, कठडा सांभाळ, अगं चाक घासतंय भिंतीला. आवाज ऐकून पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं आणि घाबरून विचारलं, कुणाला दवाखान्यात नेताय का? मी म्हटलं, अजून नाही, पण हे असंच चाललं तर मला न्यावं लागेल. बाबांना काही ऐकू गेलं नाही. ते तोपर्यंत लिफ्टच्या दाराला शिव्या देत होते. दार बदललंय म्हणे. आधी चांगलं रुंद होतं, कुणीतरी येऊन अरुंद करून गेलंय. खाली पोचल्यावर वॉचमनशी त्यावरून भांडण. तो बिचारा म्हणतो, काका, मी इथं आल्यापासून हेच दार आहे. तर हे म्हणतात, मग तू आलायस केव्हा?

त्या बाईंना मग मला डिस्क गोल्फ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, जिन्यातच, दांडा हातात धरून. की अहो, मैदानात लांब लांब खांब असतात, खांबाला साखळ्या लावलेली टोपली असते, आणि आपण लांबून चकती फेकून कमीत कमी फेकीत ती टोपलीत घालायची. त्या म्हणाल्या, एवढंच? मग गाडी कशाला? मी म्हटलं, चकत्या न्यायला. त्यांनी गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, किती हजार आहेत?

ठकू, तू ती गाडी पाठवलीस तेव्हा ती किती गुणी होती, आठवतं ना? दोन चाकं, एक दांडा, मध्ये पिशवी अडकवायला जागा आणि वर झाकणासारखं छोटंसं आसन. खेळाचा नाद तूच लावलास आम्हाला, आणि पिशवी वाहून बाबांचा खांदा धरला म्हणून गाडीही तूच पाठवलीस. मी त्याबद्दल तुला एका शब्दानं बोलणार नाही. निवृत्त झाल्यावर हा माणूस घरभर पाना घेऊन फिरत होता, माझ्या कपाटाची बिजागरी नसती ढिली झाली तर यांनी ती मुद्दाम ढिली करून पुन्हा आवळली असती. गाडी आली आणि मला वाटलं, सुटले.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यांनी जे केलं ते सुंदरच होतं. मैदानात खडी आहे, तिच्यात ती बारकी चाकं रुतायची. यांनी कुणाच्या तरी जुन्या बाबागाडीची जाड चाकं आणून बसवली. गाडी अशी चालायला लागली, की एका बोटानं ढकलावी. मग तळ्याकडच्या उतारावर ती आपोआप पळायची, म्हणून तुझ्याकडून सायकलचा ब्रेक मागवला. दांड्यावर खटका, तिथून केबल खाली उजव्या चाकापर्यंत. केबलला मध्ये मध्ये निळा दोरा बांधलेला, दर वेळी तीन वेढे आणि चपटी गाठ. लिफ्टच्या वायरी ते अशाच बांधायचे. त्या दिवशी मैदानावर त्यांनी तो खटका दाबून दाखवला आणि आमच्याबरोबर खेळणारी दातांची डॉक्टर म्हणाली, काका, मला अशीच एक करून द्या. आमच्यातलेच एक, पोस्टमास्तर, गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले, पण तोंडानं चांगलं म्हणतील तर शपथ. रणगाडा, म्हणाले. बाबा इतके खूश झाले, की त्या दिवशी प्रत्येक चकती झाडात फेकली तरी हसत होते.

मग ती गाडी सुजायला लागली. एका बाजूला पाण्याची बाटली ठेवायला कडं बसवलं. ठीक आहे, तहान लागते. काही दिवसांनी दुसऱ्या बाजूला दुसरं कडं. मी म्हटलं, बरं, एक तुमची, एक माझी. मग तिसरं. मी विचारलं, अहो, आपण माणसं दोन, तिसरी बाटली कुणाची? तर म्हणाले, पाहुणा आला तर. मी हे मैदानावर सगळ्यांना रंगवून सांगितलं, तुलाही फोनवर सांगितलं, आणि आपण किती हसलो. नंतर चौथं कडं बसलं तेव्हा मी विचारायचंच सोडून दिलं. माझी पीठ चाळायची चाळणी कापून तिची ओल्या चकत्या वाळवायची जाळी झाली. छत्रीसाठी नळी लागली, मग त्या नळीच्या शेजारी आणखी एक नळी. बाजूला एक लाकडी पेटी आली, आणि त्या पेटीमुळेच गाडी लिफ्टमध्ये मावेनाशी झाली. गॅलरीत कपडे वाळत घालायचे तर मला त्या रणगाड्यावरून वाकावं लागतं. एकदा तर माझा गाऊन ब्रेकच्या खटक्यात अडकून फाटला. मी इतकी ओरडले, की समोरच्या इमारतीतले कबुतरं हाकलणारे आजोबा काठी खाली ठेवून बघायला लागले.

आणि तू! तू पार्सलं पाठवत राहिलीस. मी तुला दोष देत नाहीये गं, बाप फोन करून लहान मुलासारखं मागतो, तर मुलगी काय नाही म्हणणार? पण दुसरा ब्रेक आला तेव्हा तरी मी विचारलं होतं. त्यांनी तो त्याच उजव्या चाकाला, पहिल्याच्या अगदी शेजारी बसवला. दांड्यावर दोन खटके, दोन केबली. मी म्हटलं, हे काय? त्यांनी दोन्ही खटके आळीपाळीनं दाबून पाहिले. मग म्हणाले, एक निकामी झाला तर दुसरा. लिफ्टलाही असंच असतं, माणसाचा जीव एकाच तारेवर सोडत नाहीत. आता यावर मी काय बोलणार? मी लिफ्टमधलं काय जाणते? मला ते पटलं. मला तर कौतुकसुद्धा वाटलं.

त्या जिन्यातल्या रविवारी आम्ही घामाघूम होऊन मैदानावर पोचलो. खेळ बरा चालला होता. लांब फेकायची माझ्या हातात ताकद नाही, पण टोपलीजवळ आले की माझी चकती साखळ्यांत जाऊन बसते, हे तुला माहीत आहे. पोस्टमास्तर मागे पडले होते आणि कुरकुरत होते, म्हणजे सगळं जिथल्या तिथं होतं. तळ्याकाठच्या खांबापाशी बाबांनी गाडी उतारावर उभी केली, खटका दाबला, चकती घेतली आणि फेकायला पुढे गेले. आणि गाडी निघाली. आधी सावकाश, जणू तिलाही फिरायला जायचंय. मग धडधडत. मी मागे धावले, डॉक्टर धावली, पोस्टमास्तर नुसते ओरडले, अरे रणगाडा सुटला! ती सरळ तळ्यात गेली. पेटी, छत्री, चार बाटल्या, तुझ्या वाढदिवसाची जांभळी चकती, सगळं पाण्यात. दोन्ही केबली एकमेकींत गुंतल्या होत्या, त्यामुळे एकही ब्रेक लागत नव्हता.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. गुडघाभर चिखलात उभी राहून मी त्या गाडीचा, चाळणीचा, गाऊनचा सगळा हिशेब त्यांना ऐकवला. डॉक्टर हसून हसून खाली बसली होती. आम्ही तिघांनी मिळून गाडी ओढून काठावर आणली. बाबा शांतपणे पाहत होते. मग त्यांनी दांडा हातात घेतला, आणि अगदी समजुतीच्या सुरात मला म्हणाले, अगं, तिची काय चूक? या गाडीला ब्रेकच नाही. मी कधीचा म्हणतोय, एक ब्रेक बसवायला हवा. ठकूला सांगतो पाठवायला.

दोन्ही खटके त्यांच्या बोटांखाली होते, ठकू. त्यांतून पाणी गळत होतं.

मला वाटलं, थट्टा करतायत. मी पोस्टमास्तरांकडे पाहिलं, तर ते बुटाला लागलेला चिखल काडीनं काढत होते. डॉक्टरचं हसू थांबलं होतं.  घरी निघताना, आमची गाडी तिच्या मोटारीच्या मागे बांधून देताना, हळूच म्हणाली, काकू, माझ्या ओळखीचे एक चांगले डॉक्टर आहेत, दातांचे नव्हेत. मला तिचा इतका राग आला! मी म्हटलं, यांना काही झालेलं नाही, यांना फक्त नको तितका वेळ आहे.

तुझं पार्सल चार-पाच दिवसांनी आलं. मी स्वयंपाकघरात होते. ते गॅलरीतून शीळ घालत आले आणि दारात उभे राहून म्हणाले, अगं ऐक, मला एक युक्ती सुचलीय. गाडीला ब्रेक बसवला तर? त्यांचा चेहरा पाहायला हवा होतास. पहिल्या ब्रेकच्या वेळी जसा होता, अगदी तसाच, नवा कोरा आनंद. आणि मी वैतागले. मी ओले हात तसेच घेऊन त्यांना गॅलरीत ओढत नेलं, त्यांचं बोट धरून केबलवर ठेवलं आणि म्हटलं, हा काय आहे? आणि हा दुसरा काय आहे?

ते खाली बसले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी केबल वरपासून खालपर्यंत चाचपली. निळ्या दोऱ्यापाशी थांबले, गाठ अंगठ्यानं दाबून पाहिली. मग माझ्याकडे वर बघून म्हणाले, हे कुणी बसवलं? चांगलं बसवलंय.

मी म्हटलं, तुम्ही. ते हसले. मी हसले नाही. मग त्यांचंही हसू हळूहळू गेलं, आणि ते गाडीच्या आसनावर टेकले. नवा ब्रेक मांडीवर, खोक्यासकट. खोक्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. शेवटी म्हणाले, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मी बाहेरून काय सांगायचो, ठाऊक आहे? मी म्हटलं, काय? म्हणाले, हेच की घाबरू नका, मी इथंच आहे. आता आत मी आहे, तर बाहेर कोण आहे ते कळत नाही. मी त्यांच्या शेजारी बसले. त्या आसनावर दोन माणसं मावत नाहीत, पण बसले.

त्या डॉक्टरांकडे मी आता वेळ घेतली आहे, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारची. बाबा येतो म्हणालेत. पण अट घातली की ठकूला काही सांगायचं नाही, मीच सांगीन तिला, माझ्या तोंडानं. मला ते बरोबर वाटलं. बापानं मुलीला सांगायची गोष्ट आहे, मी मध्ये का तोंड घालू? त्यानंतर तुझा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी भाजी चिरायची सोडून कान देऊन बसले. दोन्ही वेळा ते तुझ्याशी चाकांबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, तुझ्या खोकल्याची चौकशी केली, आणि फोन ठेवून दिला. सांगायचं टाळलं की सांगायचंच विसरले, हे मला समजत नाही. विचारायची हिंमत होत नाही. टाळलं असेल तर मी त्यांना दिलेला शब्द मोडते आहे, आणि विसरले असतील तर मोडायला शब्दच उरलेला नाही. ठकू, भांडायचं तर समोर माणूस पक्का हवा, आणि मला आता कुणावर चिडायचं तेच कळेनासं झालंय. म्हणून हे पत्र. तू ये. त्या सोमवारच्या आधी ये, आणि तुला सगळं माहीत आहे असं त्यांना दाखवू नकोस. त्यांना पहिल्यांदा सांगू दे.

तुझीच,
वैतागलेली आई