लाँचचा जुना गिअर परत बसवण्याबाबत

मी, सखा पुंजा भोये, वय अंदाजे बहात्तर, धंदा धरणाच्या पाण्यावर लाँच चालवणे, तालुका मोखाडा, सातवी नापास, पण शुद्धीत आहे. हे कोणी धाक घालून लिहून घेतलेले नाही. धाक आहे, तो वेगळा, खाली लिहितो.

घर व नागलीचे शेत बायको रंगू हिचे. ती असेपर्यंत कोणी वाटणी मागू नये. पाने व जॅक पुतण्या रमेशला. ग्रीसची पिचकारी त्याच्याकडेच आहे. मागून उपयोग नाही, तो देत नाही.

लाँच मुलगा सुदेश याला, एका अटीवर.

इंजिनाचे तीन फेरे तेव्हा पाण्यातल्या पंख्याचा एक, असा माझा गिअर होता. पंखा मोठा, सावकाश फिरणारा. चाल कमी, पण ओढ भरपूर आणि डिझेल बेताने. सुदेश म्हणायचा, "बा, हा रेडा हाय. पर्यटक काय रेड्यावर बसाया येतील?" मी म्हणायचो, "नांगराला रेडाच लागतो." मी दवाखान्यात असताना त्याने जलद गिअर आणि लहान पंखा बसवला. रिकामी लाँच पळते खरी. भरली की इंजिन दबते, फेरे चढत नाहीत, काळा धूर येतो, डिझेल नुसते जळते.

आता धाकाचे. बुडालेल्या जुन्या पाड्यावर लाँच रिकामी असली तरी जड होते. धरणासाठी आम्ही तिथून उठलो तेव्हा मेलेल्यांचे वीर, म्हणजे त्यांच्या नावाचे कोरलेले दगड, मागे राहिले. जाणत्यांनी नारळ ठेवून त्यांना सांगितले होते, "तुम्हाला पुढच्या खेपेला नेतो." पाणी आधी आले. म्हणून ते चढतात. एक बाजू कलते, मग दुसरी. मी न्यूट्रल करून "बसा, सावकाश" म्हणतो आणि पलीकडे, नव्या पाड्याच्या काठाला लावतो. तिथे लाँच हलकी होते. किती नेले तरी उरतातच.

परवा भर दुपारी सुदेश एकटा गेला. जुन्या पाड्यावर इंजिन बंद पडले. पंख्यात ना शेवाळ, ना जाळे. वाऱ्याने लाँच याच काठाला परत आणली. "डिझेलात पाणी असंल, बा," म्हणाला, पण माझ्याकडे बघेना. पलीकडे कोणी उतरलेले नाही.

सोमवारी त्याला शाळेची पोरे न्यायची आहेत. त्यांत माझी नात सुषमा आहे. अट अशी, की आधी जुना गिअर व मोठा पंखा बसवावा आणि पहिली खेप एकट्याने पलीकडे करावी. अट मोडल्यास लाँच मुलगी प्रेमा हिची. तिने ती फोडून टाकावी. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात हे मला ठाऊक आहे. हे आजच वाचावे.

सुदेश घरी लिहू देईना, म्हणून हे लाँचवर लिहिले. लाँच दोराने बांधलेली, इंजिन बंद. मी व दोन साक्षीदार, तिघेच आहोत. पाणी मात्र वरच्या फळीला लागले आहे, बाजाराच्या दिवशी लाँच माणसांनी भरली की लागते तसे. तुळशीदास म्हणतो, "बाबा, सही कर आन् उतर." दोघांनाही बाकावर बसा म्हटले. बसले नाहीत. उभ्यानेच सह्या केल्या आहेत.

सही: सखा पुंजा भोये

साक्षीदार:
तुळशीदास बुध्या वारघडे (सही)
कमू पांड्या गावित (डावा अंगठा)

ठिकाण: धरणाचा काठ, ता. मोखाडा, जि. पालघर
दि. ११ जानेवारी २०२५