उतरलेला बर्फ

२ जानेवारी १९७४, नागपूर
सुटलं एकदाचं खापा! गोपिका आणि जयाला घेऊन आज इतवारीतल्या खोलीत बिऱ्हाड मांडलं. नोकरी अशी, की सांगितली तर गावात कोणी विश्वास ठेवणार नाही. मी डोंगर सांभाळणार, तोही बर्फाचा! मालक चंपतराव एकदा गुलमर्गला जाऊन आले आणि तिथलं वारं त्यांच्या अंगात शिरलं. प्रदर्शनाच्या मैदानात त्यांनी बल्ल्या-फळ्यांचा उंच उतार उभारलाय. त्यावर लाकडाचा भुसा, भुशावर कुटलेला बर्फ. पायाला लाकडी पट्ट्या बांधायच्या आणि सुर्रकन खाली. सात वर्षांची आमची जया संध्याकाळभर घसरली. मी आपटलो तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली.

६ जानेवारी
काल दिवसभर अवकाळी पावसानं झोडपलं. डोंगराची पार रया गेली. बर्फ वाहून गेला, उरला भुशाचा चिखल. रविवारची गर्दी उघड्या फळ्यांवर आपटून शिव्या देत परतली. बर्फाच्या कारखान्यात पाणी शिरलंय, नवा माल नाही. चंपतरावांनी बजावलं, उद्या डोंगर पांढरा दिसला नाही तर खाप्याची गाडी धर.

७ जानेवारी
बर्फ मिळाला! हातगाडीवाला भैय्याजी मयताच्या घरी लाद्या पोचवतो. दूरचे नातेवाईक यायचे असले की प्रेत त्यावर ठेवतात. ते उचललं की राहिलेल्या लाद्या नालीत फेकायच्या असतात. उतरलेला बर्फ म्हणतात त्याला. भैय्याजीनं तोच आणला. मी कचरलो, तर म्हणतो कसा, "धुऊन आणला गा, बर्फाले काय समजते?" नोकरी जात होती. घेतला, स्वतः कुटला, पसरला. डोंगर झकास झाला. पहिली जयाच घसरली.

८ जानेवारी
मुलं आज हसत नाहीत. खाली पोचली की उठत नाहीत. उताणी पडून राहतात, पाय जुळवून, हात छातीवर, डोळे मिटलेले. त्यांच्या आयांनी ओढून नेलं. जयाची पाठ गार लागते. शेगडीजवळ बसवली, तरी गारच.

९ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, ताप नाही, काहीच नाही. पण पाठीला हात लावला की माझाच हात बधिर होतो. जया विचारत होती, "बाबा, हे लोक मले घेरून काहून बसून राहिले?" खोलीत आम्ही तिघंच होतो. मी भ्यालोय. फार भ्यालोय.

संध्याकाळी सगळा बर्फ फावड्यानं नालीत ढकलला. मागे वळून पाहिलं तर डोंगर पुन्हा पांढरा —

१० जानेवारी
ती आता बोलत नाही. अंथरुणाखाली पाणी साचतंय. कितीही पुसा — दुपारी डोंगरावर जाऊन पालथा पडलो. ओरडून सांगितलं, चूक माझी आहे, पोरीला सोडा, मला न्या —

११ जानेवारी
जया उठली! अंग उबदार. भाकरी मागून खाल्ली, उड्या मारत बाहेर पळाली. माझी पोर परत मिळाली.

दुपार. आळीतल्या बायका येऊन भिंतीशी बसताहेत. कोणी बोलावलं? शेजारची ताराबाई गोपिकेला जवळ घेऊन म्हणते, तुझी जया दारोदारी सांगून गेली वं, बाबा गेले म्हणून.

मी हसलो. कोणी वळून पाहिलं नाही. गोपिका रडते आहे — मी तिच्यासमोरच — हाक मारतोय — पाठीखाली ओलं — बोटं वाकत नाहीत — जया दारात उभी आहे, जया, सांग त्यांना, मी अजून