ओसरी, व्यासपीठ व गाळलेला अध्याय

॥ श्री ॥

कुलस्वामिनीच्या कृपेने आजवर वाचा चालली. या अखेरच्या लेखात ती खरी राहो.

मी, नीळकंठ गणेश पुराणिक, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुराणकथन, राहणार कारंजा, पूर्ण शुद्धीवर असून व कोणाच्याही दडपणाखाली नसून माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था लिहून ठेवतो ती अशी :

१. राहत्या घराची मागील बाजू, विहिरीच्या हक्कासह, पुतण्या चि. वामन यास द्यावी. पुढची ओसरी त्यास नाही. ती चतुराबाई व तिच्यासोबत सरकी काढणाऱ्या पाच बायांस, त्या काम करतील तोवर, बिनभाड्याने द्यावी. वामन म्हणाला, "काका, लोक कारण विचारतील." विचारोत. म्हणून ते येथेच लिहितो.

शके १८५२ च्या मार्गशीर्षात कापसाचा भाव पडला आणि सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या, शेठजींनी बायांची मजुरी निम्मी केली. बाया काम सोडून फाटकाबाहेर बसल्या. समोरच्या मारुतीच्या देवळात माझे पुराण चालू होते. त्या रोज ऐकत. दुसऱ्या दिवशी क्रमाने मजुरी अडवणाऱ्याच्या अधोगतीचा अध्याय येणार होता. तो गाळा, असे शेठजी कधीच म्हणाले नाहीत. त्यांनी एक शाल पाठवली आणि "उद्या कोणता अध्याय?" एवढेच विचारले. माझी पत्नी कै. रुख्मिणी हिने त्या शालीस हात लावला नाही. मी दुसऱ्या दिवशी ती पाने एकदम उलटली.

चतुराबाईस अक्षर येत नाही. पण वीस वर्षे ऐकून पोथीचा क्रम तिला पाठ.

"महाराज, गेल्या साली याच जागी मजुरी दाबणाऱ्याची गोठ होती. कुठी गेली ते?"

"पान जीर्ण झाले, बाई."

"तेवढंच कसं जीर्ण झालं? बाकीचे तं चांगले हायेत."

बाया हसल्या. मी पुढे वाचीत राहिलो.

सकाळी मुकादम फाटकात म्हणाला, "पोथीतबी तुमच्या बाजूनं काही नाही." पुष्कळ जणी निम्म्या मजुरीवर आत गेल्या. या सहा गेल्या नाहीत. त्यांचे काम कायमचे सुटले. तरी समाप्तीस चतुराबाईने रीतीप्रमाणे ओंजळभर ज्वारी पोथीपुढे ठेवली. मी म्हटले, "बाई, तुझ्याच घरी नाही. ठेवू नकोस."

ती म्हणाली, "तुमीबी आमच्यावानी मजूरच, महाराज. तुमची मजुरी आमी कायले बुडवावं?"

ती ज्वारी मी घरी आणली व खाल्ली. याला कोणते प्रायश्चित्त, ते मला शास्त्रात सापडले नाही.

पुढे रज्जाक सुताराने त्यांना सरकी काढायचे लाकडी रेचे करून दिले. रुई रजयांसाठी व सरकी गुरांसाठी विकून त्यांची पोटे चालतात. आता बसण्याचे खळे मालकाने परत मागितले आहे. जागेवाचून हे बंद पडू नये.

२. माझे सागवानी व्यासपीठ रज्जाकास द्यावे. त्याने ते ठोकून पाहिले. "पंडितजी, लकडी अव्वल हाये. चार रेचे निघतीन." चाळीस वर्षे मी त्यावर बसलो, त्यातून एवढे निघेल असे मला वाटले नव्हते.

३. पोथी वामनास द्यावी. अट एकच : तेराव्यानंतर त्याने ओसरीवर बसून तो अध्याय बायांपुढे संपूर्ण वाचावा आणि धान्याचा दाणाही घेऊ नये.

४. शाल प्रेतावर घालू नये. ती शेठजींकडे परत पाठवावी. निरोप एवढाच : पान जीर्ण नव्हते.

मुक्काम कारंजा, माघ वद्य एकादशी, शके १८५४.

सही : नीळकंठ गणेश पुराणिक
साक्षीदार : रामराव उकंडराव देशमुख, सैफुद्दीन किराणावाले

हा लेख जो वाचील, त्याच्या हातास काम मिळो, कामास दाम मिळो, आणि वाचताना त्याचे एकही पान गळू नये. शुभं भवतु.