दुसऱ्या डोळ्याची आखणी

२ मे २०११, जोहे

पोचलो एकदाचा! रोह्याच्या केमिकल कंपनीत सहा वर्षं आगीची सुरक्षा सांभाळली, आता कमळाकरशेठच्या गणपती कारखान्याचा आग-प्रतिबंधक आराखडा करायचाय. विमा कंपनीने मागितला म्हणून. नाहीतर शेठना आग ठाऊक ती चुलीतलीच. माणूस मात्र दिलदार, आल्या आल्या आंबे कापून पुढे ठेवले. कारखाना म्हणजे ताडपत्रीची लांबलचक शेड, दार एकच. वाटेत काथ्याचे गठ्ठे, टेबलाखाली थिनरचे डबे आणि त्यांच्या शेजारी बसून पोपट नावाचा रंगारी बिडी ओढतोय. हटकलं, तर म्हणाला, गणपती हाय ना बघायला. धन्य! महिन्याभरात या लोकांना माणसांत आणतो.

५ मे

घंटा बसवली, बादल्यांत वाळू भरली, थिनर बाहेरच्या खोलीत हलवलं. दाराकडे जाणारे बाण रंगवले, तर संध्याकाळपर्यंत पोपटने त्यांना सोनेरी महिरप काढली! आराखड्याचा पहिला नियम मोठ्या अक्षरांत लावला: घंटा वाजली की हातातलं काम टाकून उठायचं. कोणीही असो.

९ मे

आज तालीम. घंटा वाजली, सगळे खिदळत बाहेर. मैनाताई मात्र आतच. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्या एकट्याच करतात, त्याचा केवढा तोरा! उजवा डोळा झाला होता, डावा बाकी. मान वर न करता म्हणाल्या, "एक डोळा उघडून उठत नाय, सायेब. मूर्ती मग पुढं घडायचं ते बघते, आणि उठवणाऱ्याला दावते." मी ब्रश काढून घेतला आणि दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. असल्या खुळापायीच माणसं जळून मरतात. आता मैनाताई त्या मूर्तीला हात लावत नाहीत. ज्याने उठवलं त्यानेच हात जोडून परत कामाला बसवायचं असतं म्हणे. हात जोडतोय मी! मूर्ती कोपऱ्यात पडून आहे.

१२ मे

उजवा डोळा सारखा पाणावतोय. थिनरमुळे असेल. दुपारी शेडमध्ये धूर दिसला. घंटा बडवली, सगळे बाहेर आले, धूर कुठेच नाही. पोपटने विचारलं, सायबांनी आज काय ओढलं?

१५ मे

परत घंटा, परत काही नाही. मग लक्षात आलं— धूर फक्त उजव्या डोळ्याला दिसतो. तो मिटला की शेड स्वच्छ. उघडला की काथ्या पेटलेला, आणि ज्वाळांपलीकडे मैनाताई पाटावर बसलेल्या. पेणचा डॉक्टर म्हणतो, डोळा ठणठणीत आहे. यालाही डिग्री कोणी दिली?

१७ मे

तालीम धरून आज चौथ्यांदा घंटा बडवली. कोणी उठलंच नाही. शेठनी घंटा काढून नेली, काम बुडतं म्हणाले. मूर्खांचा बाजार सगळा. पण त्यांना न उठायला शिकवलं मीच— मला भीती वाटते. लिहितानाही लाज वाटते.

१९ मे

हात जोडले. सगळ्यांदेखत. मैनाताईंना म्हटलं, डोळा पुरा करा, आणि काही झालं तरी मध्ये उठू नका. मी सांगितलं तरीही. त्यांनी शब्द दिला. पोपट तोंड फिरवून हसत होता. हसू दे.

२० मे, दुपार

बाकीचे जेवायला गेले. मैनाताई आत बसल्यात, डावा डोळा सुरू. मी दारात. नुसतं उभं राहवत नाही म्हणून लिहितोय. उजव्या डोळ्यात धूर आहेच. रेघ पुरी झाली की जाईल—

थिनरचे डबे परत टेबलाखाली. कधी आणले? घंटेच्या नादात मी बघितलंच नाही— आणि त्या गाढवाची बिडी तिथेच—

उजवा डोळा मिटला.

धूर तसाच आहे.

वाळूच्या बादल्या— यांनी त्यांत प्लास्टर कालवलंय—

काथ्या पेटला. आमच्या दोघांच्या मध्ये. हाक मारली. त्या म्हणाल्या, "शब्द दिलाय, सायेब. पापणी तेवढी ऱ्हायली." मी ओरडतोय, उठा, मी सांगतोय, उठा— मान वर करत नाहीत— घंटा असती तर—

मैनाताई, उ