आजीच्या नावाची पाणपोई

२७ एप्रिल, रविवार

बोर्ड आला. 'कै. भागीरथाबाई ईश्वरदास धकाते यांच्या स्मरणार्थ पाणपोई.' निळ्यावर पांढरी अक्षरं. अभिजीत चार पावलं मागे जाऊन बघत होता. म्हणाला, "आईचं नाव बेस दिसून राहिलं." मी हो म्हटलं आणि कुकर लावायचं निमित्त करून आत आले. कुकर सकाळीच झाला होता.

कल्पना माझीच. मयुराला सुट्ट्या लागल्या, दिवसभर मोबाइलमध्ये डोळे घालून बसते. नऊ वर्षांची घोडी झाली. त्यापेक्षा सेवा करू दे. सोसायटीच्या गेटबाहेर कडुलिंबाखाली दोन रांजण ठेवायचे, आम्ही तिघांनी मिळून भरायचे, अकरा ते एक तिथे बसायचं. मुलांना दया सांगून येत नाही, हातानं करून येते — असं मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. लगेच अंगठ्यांची रांग लागली. बेसा भागातली सगळ्यात संस्कारी आई मीच!

खरं कारण त्यातल्या एकाही अंगठ्याला माहीत नाही.


३० एप्रिल, अक्षयतृतीया

घरी पितरांची घागर भरली, पुरणाचा नैवेद्य दाखवला, मग खाली. रांजणांना ओलं गोणपाट गुंडाळलं. तोंडाला बांधायला गाळणं नव्हतं, तर अभिजीतनं पेटीतून सासूबाईंचं लुगडं काढलं. सासऱ्यांनी उमरेडला स्वतःच्या मागावर विणलेलं, शेवटचं. "आईलेच आवडलं असतं," म्हणाला आणि फाडलं. फाडतानाचा तो आवाज. मी तिकडे बघितलंच नाही.

पहिला माणूस आला तो सायकलवाला. मयुराला म्हटलं, घे ओगराळं, ओत. तिनं गुळाचा खडा पुढे केला. गूळ ठीक आहे गं, पाणी ओत. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तू ओत. मी गूळ देते."

दोन तास गूळ वाटला. एकेकाला बोलावून वाटला, हसून वाटला. ओगराळ्याला बोट लावलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे ताराचंदभाऊ तिथेच खुर्ची टाकून बसले होते. "लेकराले आत्तापासूनच वळण पाहिजे, ताई," म्हणाले. जसं काही मी वळण लावायला नाही, हवा खायला बसले होते.


१ मे

पारा पंचेचाळीस पार. आजही गूळच.


३ मे, शनिवार

लुगड्याचा तो तुकडा दिवसभर ठिबकत राहतो. टप, टप. वर घरात काही ऐकू येत नाही, तरी मला तो आवाज येतो. दुपारी कूलर लावून पडले की अडीचच्या सुमाराला कूलरच्या आवाजातून मला हाक येते. "अंजू वं. पानी दे वं." कूलर बंद केला की हाक बंद. चालू केला की परत.

अभिजीतला म्हटलं, कूलरची मोटर आवाज करते. तो बिचारा तेल घालून गेला.


५ मे, सोमवार

पोरगी मला कळत नाही.

सुभद्राबाई म्हणून एक म्हातारी चौकात कैऱ्या विकते. उन्हाची आपल्या पाणपोईवर येते. आज अनवाणी आली होती, चपलेचा अंगठा तुटला म्हणून. डांबर असं तापलं होतं की कुत्रंसुद्धा पाय टाकत नव्हतं. मयुरा वर गेली आणि माझ्या नव्या चपला घेऊन आली. माझ्या! दिवाळीला घेतलेल्या. स्वतः खाली बसून तिच्या पायात घातल्या.

म्हातारी म्हणाली, "माय वं, पाणीबी दे आता तुह्या हातचं." आणि ही पोरगी उठली आणि सरळ माझ्या मागे येऊन उभी राहिली.

चपलांचं काही नाही. पण हे काय?


८ मे, गुरुवार

आज लिहूनच टाकते. दोन वर्षांत कुणाला सांगितलं नाही. वहीला सांगायला काय जातं.

सासूबाईंना लकवा झाला तेव्हा मयुरा सहा वर्षांची होती. उजवी बाजू पूर्ण गेली. सात महिने मी केलं. कूस बदलणं, पुसणं, भरवणं, सगळं. नणंद मौद्याहून यायची, डझनभर केळी आणायची, दोन तास डोळे पुसायची आणि शेवटच्या बसनं जायची. केळी कोण खाणार होतं? सासूबाईंना गिळताच येत नव्हतं. डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं — पातळ पाणी द्यायचं नाही, छातीत उतरतं. पावडर घालून, घट्ट करून, टेकून बसवून, चमच्यानं. एक वाटी पाणी पाजायला अर्धा तास. त्या रडायच्या. "हे पानी नोहे वं," म्हणायच्या. मी कागदावर लाल पेननं लिहून त्यांच्या दारावर चिकटवलं होतं. मयुराला तर वेगळं बजावलं होतं.

१९ मेची दुपार. आधीच्या दोन रात्री डोळा लागला नव्हता. जेवण आवरून कूलरसमोर पडले आणि हाक आली. अंजू वं, पानी. मला ऐकू आलं. झोपेत होते, कळलं नाही, असं काही नाही. स्वच्छ ऐकू आलं. पाच मिनिटांनी उठते म्हटलं. परत हाक. परत. मयुरा दारात आली. "आई, आजी बोलावून राहिली." मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हटलं, "झोप गुपचूप. आपोआप चूप होते ती."

आणि झाल्या चूप. मी झोपले. गाढ झोपले, हेच मला सहन होत नाही.

साडेचारला चहा ठेवून गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. गार. उशी ओली होती. घाम म्हणावा तर खिडकीतून कूलरची हवा होती. रडल्या असतील. पाणी पाणी करत उशी भिजेपर्यंत रडल्या असतील. अभिजीतला फोन करायच्या आधी मी अभ्रा बदलला. तेवढं भान होतं मला. त्याला सांगितलं, झोपेतच गेल्या हो, त्रास नाही झाला. तो अजून लोकांना तेच सांगतो.

संध्याकाळी सगळ्यांनी तोंडात गंगाजल घातलं. मेल्यावर. मयुराला म्हटलं, घाल बाळा, आजीच्या तोंडात थेंबभर. ती किंचाळली आणि जिन्यावरून पळत सुटली. बायका म्हणाल्या, भ्यालं लेकरू.

म्हणून ही पाणपोई. पाणी मागत गेलेल्या बाईच्या नावानं गावाला पाणी पाजते आहे मी. आणि भीती एकच आहे. मी त्या दिवशी तिला जे शिकवलं ते ती शिकली असेल तर? मागणाऱ्याकडे बघू नको, आपोआप चूप होतं. ते एक वाक्य तिच्यात जाऊन बसलं असेल, तर शंभर रांजण भरून ते निघणार आहे का?


११ मे, रविवार

अभिजीतला ड्यूटी लागली, हिंगण्याची कंपनीची बस सहालाच गेली. मी आणि मयुराच होतो. गूळ संपला म्हणून मी वर आले. दहा मिनिटं, फार तर.

खाली गेले तर सुभद्राबाई कडुलिंबाला टेकून बसलेली, डोकं गुडघ्यात, कैऱ्या रस्त्यावर सांडलेल्या. ताराचंदभाऊ तिला पाणी पाजत होते. मला पाहिलं आणि म्हणाले, "म्हातारीले चक्कर आली. पोरीले तीनदा पाणी मागितलं तिनं. मी वरून पाहून राहिलो होतो. पोरगी नुसती बघत उभी राहिली, मग पळाली. मले उतरून यावं लागलं, ताई." सगळा रस्ता ऐकत होता.

सुभद्राबाईच म्हणाली, "राहू दे वं बाई. लेकरू भेलं."

पुन्हा तेच. भेलं.

मयुरा सासूबाईंच्या खोलीत दारामागे बसली होती. मी तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. "दगड आहेस का तू? म्हातारं माणूस पाणी मागतं आणि तू बघत राहतेस?" बोलले आणि माझेच शब्द माझ्या कानात शिरले. कुणाला बोलत होते मी?

ती रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "आणि मी दिलं तर?"

"दिलं तर काय?"

ती दारामागे आणखी आत सरकली.


१२ मे

जेवली नाही. अभिजीत म्हणतो, बंद करू का पाणपोई? आईच्या नावानं पोरीले त्रास नको. मी नाही म्हटलं. का, ते सांगता आलं नाही.


१३ मे, मंगळवार

सकाळी वेणी घालताना बोलली. तोंड पलीकडे होतं म्हणून बोलली असेल.

त्या दुपारी मी झोपल्यावर ती आजीकडे गेली होती. माठातलं पाणी घेऊन, स्टीलच्या पेल्यातून. आजीचं डोकं तिला नीट उचलता आलं नाही. अर्धं उशीवर सांडलं. अर्धं त्या प्यायल्या. ठसका लागला, खूप वेळ लागला. मग थांबला. मग डाव्या हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "जीव थंड झाला माय," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तिनं पेला धुऊन फळीवर उपडा ठेवला.

दोन वर्षं. त्या पेल्यात मी रोज चहा घेते.

"तूच म्हटलं होतं ना आई, आजीले पेल्यानं पाणी दिलं तर आजी मरून जाईल."

म्हटलं होतं. ह्याच शब्दांत. घाबरून तरी ऐकेल म्हणून.

माझ्या हातातली वेणी सुटली. काय विचारावं ते कळलं नाही, तर मी वेड्यासारखं हेच विचारलं, "मग तरी काहून दिलं तू?"

ती मागे वळली. मलाच काही कळत नाही असं माझ्याकडे बघितलं.

"ती मागून राहिली होती ना."