व्हॅनच्या किल्ल्या शोधू नका

अहो फिलाचे बाबा,

व्हॅनच्या किल्ल्या शोधू नका, त्या माझ्या पर्समध्ये आहेत. शाळेच्या पोरांना आज शेजारचे झुंगू त्यांच्या गाडीतून नेतील, मी त्यांना सांगून ठेवलंय. चिडलात तरी मक्याचा फुतू खाऊन घ्या. त्यावर घालायला आमासीचं दही फ्रीजमध्ये आहे.

दहा वाजता कानाच्या डॉक्टरांकडे जा. त्यांनी तपासून फॉर्मवर सही केली, तरच कानाच्या यंत्राच्या खर्चापोटी माझ्या करात सूट मिळेल. नाहीतर नर्सच्या पगारात ते यंत्र कुठलं परवडायला! फॉर्मवर ‘अपंगत्व’ लिहिलंय म्हणून मागच्यासारखा फाडू नका. करवाले काही तुमचं लायसन्स काढून घ्यायला येत नाहीत. आणि आलेच, तर येऊ देत.

काल फाटकाशी तुम्ही गाडी मागे घेत होतात, तेव्हा मी व्हॅनच्या पत्र्यावर थापा मारल्या. तुम्ही थांबलात आणि हसून म्हणालात, “वेड लागलं का हिला?” वर जेवताना कौतुक, की पोरं आज किती शहाण्यासारखी गप्प होती.

गप्प नव्हती हो. छोटी लोंदीवे बूट उचलायला चाकामागे वाकली होती, आणि सगळी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, “मामा, थांबा!”

नोकुखान्या